क्लाऊडची किल्ली कुणाच्या कनवटीला?

जुलै २०२५ मध्ये गुजरातमधल्या वाडीनारचा तेलशुद्धीकरण कारखाना चालवणाऱ्या नायरा एनर्जीचं मायक्रोसॉफ्टवरचं ईमेल आणि टीम्स हे बैठका-निरोपांचं ॲप एकाएकी बंद झालं. परवान्यांचे पैसे भरलेले होते. झालं होतं एवढंच की १८ जुलैला युरोपीय संघाने रशियावरच्या निर्बंधांची अठरावी यादी काढली आणि तीत नायराचं नाव आलं, कारण कंपनीत रशियाच्या रोसनेफ्टचा ४९.१३ टक्के वाटा. भारताने निर्बंध लावले नव्हते आणि मायक्रोसॉफ्ट ज्या देशाची, त्या अमेरिकेनेही नायरावर लावले नव्हते. तरी भारतात नोंदलेल्या कंपनीला भारतात बसून स्वतःचीच पत्रं उघडता येईनात. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, मधल्या दिवसांत रेडिफचं ईमेल घेऊन गाडा हाकला, आणि महिनाअखेरीला सेवा परत सुरू झाली.

ही बातमी देवगडच्या आंबेवाल्याला किंवा तारकर्लीच्या होमस्टेवाल्याला सांगितली की उत्तर ठरलेलं असतं: "आमका कोण कशाक बंद करतला?" खरं आहे. वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यावर निर्बंध लावायला ब्रसेल्समध्ये कुणाला वेळ नाही. पण दार बंद व्हायला निर्बंधच लागतात असं कुठे आहे? परदेशी सेवेचं वर्षाचं एकरकमी बिल पंधरा हजारांच्या वर गेलं की रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेटच्या, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापण्याच्या, नियमाप्रमाणे प्रत्येक वेळी ओटीपी द्यावा लागतो. तो निरोप मे महिन्याच्या धांदलीत कुणी बघत नाही, पैसे जात नाहीत, खातं आधी 'थकबाकी' आणि मग 'स्थगित'. फुकटच्या जीमेलमध्ये १५ जीबी भरले की येणारी पत्रं पाठवणाऱ्याकडे परत जातात, आणि त्यात २०२४ पासून अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्याच पंधरात मोजला जातो. खातं पुतण्याच्या नावावर, पुतण्या पुण्याला नोकरीला, त्याचा नंबर बदललेला. फोन होडीवरून पाण्यात. कंपनीच्या यंत्राने एखाद्या व्यवहारावर संशय घेऊन खातं गोठवलं, आणि दाद मागायची तर फॉर्म भरून यंत्राच्याच उत्तराची वाट बघायची. यातल्या कुठल्याही कारणाने दार लागलं तरी आत अडकतं ते तेवढंच: पेट्यांचा हिशोब, गिऱ्हाइकांचे पत्ते, निर्यातीचे कागद.

त्यामुळे 'देशी की विदेशी' यापेक्षा मी एक प्रश्न आधी विचारतो. उद्या सकाळी दार उघडलं नाही, तर किती तासांत काम परत सुरू होईल? उत्तर तासांत येत असेल तर कुणाचंही सॉफ्टवेअर वापरा. 'काय माहीत' असं येत असेल तर चेन्नईचं देशी सॉफ्टवेअर घेऊनही फरक पडत नाही.

मुंबईतला सर्व्हर आणि वॉशिंग्टनचा कायदा

विक्रेते हमखास सांगतात: डेटा भारतातच आहे, काळजी नको. पहिला भाग खरा असू शकतो. ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आपली केंद्रं सुरू केली, मायक्रोसॉफ्टची पुणे, मुंबई, चेन्नईत त्याआधीच आली होती, गूगलची मुंबईत २०१७ ला. पण डेटा कुठे ठेवलाय आणि तो कुणाच्या हुकमाखाली येतो, हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. अमेरिकेचा २०१८ चा क्लाऊड कायदा सांगतो की अमेरिकी अधिकारक्षेत्रातल्या कंपनीच्या ताब्यात किंवा नियंत्रणात असलेली माहिती कायदेशीर आदेश आल्यास द्यावी लागेल, मग ती जगात कुठेही साठवलेली असो. जून २०२५ मध्ये फ्रान्सच्या सिनेटपुढे मायक्रोसॉफ्ट फ्रान्सच्या कायदेविषयक प्रमुखांना शपथेवर विचारलं गेलं, फ्रेंच सरकारच्या संमतीशिवाय फ्रेंच नागरिकांची माहिती अमेरिकेला जाणार नाही अशी हमी देता का? ते म्हणाले, नाही देऊ शकत. आजवर तसं घडलेलं नाही, हेही त्यांनी सांगितलं. सरळ उत्तर होतं, आणि मला ते कुठल्याही जाहिरातपत्रकापेक्षा जास्त उपयोगाचं वाटतं.

आता याची दुसरी बाजू, जी स्वदेशीच्या उत्साहात कुणी बोलत नाही. इथली कंपनी इथल्या कायद्याखाली येते. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली सरकार माहिती उघडून मागू शकतं. देशी कंपनीही बुडते, विकली जाते, दर वाढवते. आणि सर्व्हर सरकारी, आपल्याच देशात, म्हणजे सुरक्षित असंही नाही. २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा केंद्रात यूपीएसच्या लिथियम बॅटऱ्या हलवताना आग लागली. सरकारी नोकरांची कामाची कागदपत्रं ठेवायची जी-ड्राइव्ह नावाची सोय त्यात जळाली, ८५८ टेराबाइट, आणि तिची बाहेर दुसरी प्रत नव्हती. सार्वभौमत्व पूर्ण होतं, प्रत नव्हती.

उलट उदाहरण ऑस्ट्रेलियाचं. मे २०२४ मध्ये युनिसुपर या पेन्शन फंडाची गूगलवरची खाजगी क्लाऊडची सगळी मांडणी गूगलच्याच बाजूने पुसली गेली. उभारणीच्या वेळी एक रकाना रिकामा राहिला होता, त्यामुळे यंत्रणेने एक वर्षाची मुदत आपोआप धरली आणि वर्ष भरल्यावर सगळं काढून टाकलं. सहा लाखांवर सभासदांचा फंड. तो उभा राहिला, कारण वेगळ्या जागी ठेवलेल्या प्रती होत्या आणि त्यातल्या काही दुसऱ्याच कंपनीकडे होत्या.

म्हणून कामाचा क्रम असा ठेवावा: आधी पत्ता आपला, मग प्रत आपली, मग किल्ली आपली. सर्व्हर कुणाचा हे सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक शेवटापासून सुरुवात करतात, महागडं यंत्र आणतात आणि व्हिजिटिंग कार्डावर जीमेलचा पत्ता तसाच.

पत्ता

स्वतःचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचं आपल्या धंद्याचं नाव, हे या सगळ्यात स्वस्त आणि सर्वात दुर्लक्षित काम. पत्ता आपल्या डोमेनवर असला की मागची सेवा कितीही वेळा बदला, समोरच्याला कळतही नाही. नायरासारखं मधल्या काळात दुसरीकडचं ईमेल लावणं याच सोयीमुळे शक्य असतं. डॉट इन घ्यावं. डॉट इनची नोंदवही भारतातल्या निक्सी या संस्थेकडे आहे; डॉट कॉमची व्हेरिसाइन या अमेरिकी कंपनीकडे. छोट्या धंद्याला डॉट कॉमने धोका आहे असं नाही, पण दर सारखेच असतील तर इथलं का घेऊ नये?

डोमेन घेताना तीन ठिकाणी घोळ होतो. वेबसाइट करून देणारा मुलगा ते स्वतःच्या नावावर घेतो; नंतर त्याच्याशी बिनसलं की डोमेन गेलं. नोंदणी धंद्याच्या मालकाच्या नावावर आणि मालकाच्या फोन नंबरावर हवी, हे आधी तपासा. दुसरं, डोमेन जिथे घेतलं त्या खात्याला त्याच डोमेनवरचा ईमेल देऊ नये. डोमेन संपलं की ईमेल बंद, आणि नूतनीकरणाचा इशारा त्याच बंद पत्त्यावर. तिसरं, एकेक वर्षाने घेणं. सरळ पाच वर्षांचं भरावं आणि संपायची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहावी.

मग ईमेलचं स्थलांतर. झोहो, रेडिफ अशा इथल्या सेवा आहेत. केंद्र सरकारचं ईमेलही आता झोहोच्या व्यवस्थेवर चालतं. कुठलीही घ्या, पायऱ्या त्याच:

आधी डोमेनच्या डीएनएस नोंदींचा (या नावाची पत्रं आणि वेबसाइट कुठल्या सर्व्हरवर ते सांगणाऱ्या) टीटीएल, म्हणजे इतरांनी नोंद किती वेळ लक्षात ठेवायची तो काळ, ३६०० वरून ३०० सेकंदांवर आणा आणि एक दिवस थांबा. हे केलं नाही तर बदलानंतर काही तास काही पत्रं जुन्या पेटीत आणि काही नव्या पेटीत पडत राहतात. नव्या सेवेवर सगळ्या पेट्या उघडा, स्वतःला पत्र पाठवून बघा, मगच एमएक्स, म्हणजे पत्रं कुठे पोचवायची ते सांगणारी, नोंद बदला. लगोलग एसपीएफ आणि डीकेआयएम, म्हणजे पत्र खरंच तुमच्याकडून आलंय हे पटवणाऱ्या नोंदी. एका डोमेनला एसपीएफची नोंद एकच असते. जुनी तशीच ठेवून दुसरी जोडली तर दोन्ही निकामी होतात आणि तुमचं बीजक दुबईच्या आयातदाराच्या स्पॅममध्ये जाऊन बसतं. ही चूक मी म्हणेन दर दुसऱ्या स्थलांतरात दिसते. डीमार्क, म्हणजे या पडताळणीत नापास झालेल्या पत्रांचं काय करायचं ते सांगणारी नोंद, सुरुवातीला फक्त निरीक्षणावर, म्हणजे 'नन'वर ठेवा, दोनतीन आठवडे अहवाल बघा, मग 'क्वारंटाइन'.

जुनी पत्रं आयमॅपने, म्हणजे सर्व्हरवरची पेटी दुसऱ्या प्रोग्रामने वाचायच्या ठरलेल्या पद्धतीने, ओढून आणता येतात. जीमेल असेल तर द्विस्तरीय पडताळणी चालू करून ॲप पासवर्ड (दुसऱ्या प्रोग्रामपुरता वेगळा पासवर्ड) काढावा लागतो, नेहमीचा पासवर्ड चालत नाही. आणि जीमेल आयमॅपवरून दिवसाला साधारण २५०० एमबीच देतं. पंधरा जीबीची पेटी म्हणजे कमीत कमी सहा दिवस, मध्येच 'तुटलं' म्हणून घाबरून पुन्हा पहिल्यापासून सुरू करू नये. जीमेलमध्ये लेबलं असतात. तीन लेबलांचं पत्र आयमॅपला तीन फोल्डरांत दिसतं आणि तीनदा उतरतं. 'ऑल मेल' फोल्डर वगळला नाही तर चौथ्यांदाही.

जुना पत्ता लगेच बंद करू नये. एक पूर्ण आंब्याचा हंगाम जाऊ द्यावा, कारण काही गिऱ्हाईक वर्षातून एकदाच, मार्चमध्ये लिहितं. तोवर जुन्या पेटीतून नव्यात पुढे पाठवणं चालू ठेवा. आणि सरकारी दारांची यादी करून एकेक बदला: बँक, जीएसटी, उद्यम, एफएसएसएआय, महावितरण, निर्यातदार असाल तर आयईसी (आयात-निर्यात नोंदणी) आणि अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेच्या मँगोनेटवरची बागेची नोंद. जीएसटीत ईमेल बदलणं नॉन-कोअर दुरुस्तीत येतं, अधिकाऱ्याच्या मंजुरीची वाट बघावी लागत नाही. आयईसी दरवर्षी एप्रिल ते जून अद्ययावत करावीच लागते, तिथला पत्ता त्याच वेळी उरकून घ्यावा.

प्रत

गूगलचं टेकआउट, म्हणजे खात्यातला आपला डेटा उतरवून घ्यायची सोय, वापरा. फुकट आहे आणि बऱ्यापैकी प्रामाणिक आहे. पण डोळे झाकून 'सगळं' निवडू नका. गावातल्या नेटवर ५० जीबीची एक फाइल रात्रभर चालते आणि पहाटे वीज जाते. दोन जीबीचे तुकडे मागा. उतरवायचा दुवा साधारण आठवडाभर जिवंत असतो, तेव्हा शनिवारी मागणी नोंदवून पुढच्या शनिवारी आठवण आली तर पुन्हा पहिल्यापासून. 'शेअर्ड विथ मी'मधल्या, म्हणजे दुसऱ्याच्या मालकीच्या फाइली टेकआउटमध्ये येत नाहीत. सीएच्या ऑफिसने त्यांच्या खात्यात तयार करून तुम्हाला दाखवलेली शीट तुमची नाहीच, हे इथे पहिल्यांदा कळतं. तिची आपल्या खात्यात प्रत करून घ्या.

उतरलेल्या फाइली उघडून बघायच्या. शीट्स एक्सेलच्या स्वरूपात येतात. साधी बेरीज-वजाबाकी टिकते, पण 'इम्पोर्टरेंज' आणि 'क्वेरी' ही सूत्रं गूगलबाहेर चालत नाहीत. ज्यांचा पेट्यांचा हिशोब पाच शीट एकमेकींना जोडून केलेला आहे, त्यांना बाहेर फक्त शेवटचे आकडे मिळतात, यंत्रणा नाही. स्क्रिप्ट लिहून घेतली असेल तर तिचा मजकूर वेगळा उतरवून ठेवा. ईमेल एमबॉक्स स्वरूपात, म्हणजे सगळी पत्रं एका फाइलीत, येतं. थंडरबर्ड या ईमेल प्रोग्राममध्ये आयात करायचं ॲड-ऑन घालून ते वाचता येतं. मराठीत लांबलचक नावं दिलेले फोल्डर विंडोजवर उलगडताना २६० अक्षरांची मर्यादा ओलांडली की त्रुटी येते आणि नेमक्या त्या फाइली गाळल्या जातात. झिप सरळ ड्राइव्हच्या मुळाशी, एखाद्या छोट्या नावाच्या फोल्डरमध्ये उलगडा.

मराठी माणसाला आणखी एक जुनं ओझं आहे. ग्रामपंचायती, पतसंस्था, मच्छीमार सोसायट्या यांचे २०१० च्या आसपासचे ठराव आणि सभासद याद्या श्रीलिपी किंवा आयएसएमच्या युनिकोडपूर्व फाँटांत आहेत. फाँट नाही तर मजकूर म्हणजे रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चुरा. परदेशी कंपनीने दार लावायची गरजच नाही, आपल्याच कपाटातली आपली भाषा आपल्याला वाचता येत नाही. सहकारी संस्थेने सर्व्हर घेण्याआधी ही कागदपत्रं युनिकोडमध्ये करून घ्यावीत आणि रूपांतरानंतर रफार, 'त्र', 'श्र' आणि आकडे डोळ्यांनी तपासावेत. ते नेहमी तिथेच बिघडतात. मूळ फाइल आणि तिची पीडीएफ, दोन्ही ठेवा.

टॅली वापरणाऱ्यांचा डेटा बहुधा दुकानातल्याच संगणकावर असतो. त्यांची अडचण उलटी: परदेशी क्लाऊड नाही, पण दुसरी प्रतही नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा काउंटरखालचा संगणक आणि त्याच्याच खणातला पेनड्राइव्ह एकत्र बुडणं साहजिक होतं. प्रत खणात ठेवली तर ती प्रत नसते.

दोन बाहेरच्या डिस्क घ्या, एक टेराबाइटच्या. एक दुकानात, एक दुसऱ्या गावी. घरचं कुणी मुंबईला असेल तर गणपतीला आणि शिमग्याला येतंच. त्या दोन फेऱ्यांत डिस्क बदलून जाते. सहा महिन्यांचं अंतर रोजच्या हिशोबाला पुरत नाही, म्हणून चालू वर्षाचा फोल्डर रोज रात्री कुठल्यातरी क्लाऊडवर, पण कुलूप आपण लावून: क्रिप्टोमेटर किंवा आरक्लोनची 'क्रिप्ट' सोय फाइल आपल्या संगणकावरच बंद करते आणि वर फक्त बंद गाठोडं जातं. मग तो क्लाऊड अमेरिकेचा असला तरी आत काय आहे ते त्याला दिसत नाही. अट एकच: त्याचा पासवर्ड हरवला, आणि क्रिप्टोमेटरची सुरुवातीलाच काढून ठेवता येणारी रिकव्हरी कीही जवळ नसली, तर तुम्हालाही दिसत नाही; कंपनीकडून पासवर्ड परत मिळवायची सोय तिथे नसते.

कोकणात डिस्कचं आयुष्य पावसाळ्यात ठरतं. जून ते सप्टेंबर कपाटातली हवा ओलीच. हवाबंद डबा, आत सिलिका जेल, आणि महिन्यातून एकदा डिस्क बाहेर काढून तासभर चालू करणं. किनाऱ्यापासून जवळ असाल तर यूएसबीच्या टोकांवर खाऱ्या हवेने हिरवट थर येतो. मग डिस्क 'दिसत नाही' आणि लोक ती मेली समजतात. आधी केबल बदलून बघावी.

आणि तीन महिन्यांनी एकदा कुठल्याही तीन फाइली त्या प्रतीतून उघडून बघायच्या: एक जुनं बीजक, एक फोटो, एक टॅलीचा बॅकअप वेगळ्या संगणकावर परत चढवून. न उघडलेल्या प्रतीवर माझा विश्वास नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात. जीएसटीचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवायचे असतात. तुम्ही शेतकरी उत्पादक कंपनी असाल, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात आता बऱ्याच आहेत, तर कंपनी कायद्याचे लेखा नियम लागू होतात: हिशोबाच्या इलेक्ट्रॉनिक वह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर आणि ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीपासून रोजच्या रोज. एकट्याच्या मालकीच्या दुकानाला हा नियम नाही.

किल्ली

'साइन इन विथ गूगल' जिथे जिथे वापरलंय तिथली यादी गूगलच्या खात्यात सुरक्षा विभागात दिसते. ती उघडून बघा, बहुतेकांना धक्का बसतो. गूगल गेलं की ती सगळी दारं एका झटक्यात बंद. महत्त्वाच्या ठिकाणी वेगळा पासवर्ड लावून घ्या. गूगलचे दहा बॅकअप कोड छापून पासबुकाबरोबर ठेवा. एसएमएसने येणाऱ्या ओटीपीपेक्षा फोनवरच कोड बनवणारा ऑथेंटिकेटर बरा, त्याला रेंज लागत नाही. मात्र फोन गेला तर काय, याची सोय आधी करायची.

विंडोज ११ च्या बऱ्याच नव्या लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद असते आणि तिची ४८ आकडी किल्ली मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाते. म्हणजे ते खातं उघडत नसताना लॅपटॉपने किल्ली मागितली तर समोरच्या टेबलावरचं यंत्रही परकं. ती किल्ली आजच कागदावर उतरवा.

गावात सर्व्हर ठेवावा का?

नेक्स्टक्लाऊड हे सॉफ्टवेअर घालून फाइलींसाठी स्वतःचा छोटा सर्व्हर ठेवता येतो आणि पतसंस्थेसारख्या ठिकाणी, जिथे एक तरी माणूस त्याच्याकडे रोज बघेल, तो ठेवावाही. ईमेलचा सर्व्हर मात्र घरी ठेवू नका. घरगुती जोडणीच्या पत्त्यावरून आलेली पत्रं मोठ्या सेवा घेतच नाहीत, पत्रं पाठवायला लागणारं २५ क्रमांकाचं पोर्ट (जोडणीवरचं दार) बहुधा बंद असतं, आणि चार महिने झगडून शेवटी पैसे देऊनच सेवा घ्यावी लागते.

विजेचं गणित असं. मिनी पीसी १५ वॉट, फायबरचा डबा आणि राउटर मिळून १५, बाहेरची डिस्क ५. एकूण ३५. घरच्या इन्व्हर्टरची १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर १८०० वॉट-अवर देते. ती निम्म्याखाली उतरवू नये, म्हणून ९००. इन्व्हर्टरची घट धरली की हाती ७००. म्हणजे वीस तास, तेही पंखे-दिवे त्याच बॅटरीवर नसतील तर. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीच्या कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. तेव्हा सर्व्हर उंचावर ठेवावा, आणि तो दोन आठवडे बंद राहिला तरी चालेल अशीच कामं त्याच्यावर. शिवाय तुमची बॅटरी टिकली तरी नाक्यावरच्या नेटच्या पेटीतली आधी मान टाकते.

मे आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात प्लग काढावा लागतो. जांभ्याच्या कातळावर अर्थिंग नीट लागत नाही आणि उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडला की तर नाहीच. बाहेरून या सर्व्हरवर यायचं तर आणखी एक अडथळा: बहुतेक घरगुती जोडण्यांत स्वतःचा आयपी पत्ता मिळत नाही, एकच पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो. स्थिर आयपीचे वेगळे पैसे भरा, नाहीतर भारतातला छोटा भाड्याचा सर्व्हर घेऊन त्यावरून वायरगार्डचा बोगदा, म्हणजे कुलूपबंद खाजगी जोडणी, काढा. यूट्यूबवर सुचवले जाणारे सोपे मार्ग टेलस्केल आणि क्लाउडफ्लेअरचे असतात. चांगले आहेत, पण पहिली कॅनडाची, दुसरी अमेरिकेची कंपनी. स्वातंत्र्याची वाट पुन्हा परक्याच्या अंगणातून.

देशी सेवा घेताना विक्रेत्याला लेखी विचारायचं: सर्व्हर कुणाच्या केंद्रात आहे? (कित्येक भारतीय सेवा ॲमेझॉनच्या मुंबई केंद्रावरच चालतात. त्यात लपवण्यासारखं काही नाही, पण माहीत हवं.) सगळा डेटा मी स्वतः, तुम्हाला न विचारता, कुठल्या स्वरूपात उतरवू शकतो? पैसे थकले तर किती दिवस डेटा ठेवता आणि त्या दिवसांत तो वाचता येतो का? करार कुठल्या कंपनीशी, भारतातल्या की सिंगापूरच्या, आणि वाद कुठल्या न्यायालयात? दुसऱ्या प्रश्नाला 'आमच्या टीमला सांगा, आम्ही काढून देऊ' असं उत्तर आलं तर मी तिथेच थांबेन.

होमस्टेवाल्यांनी पाहुण्यांच्या आधार कार्डांचे फोटो व्हॉट्सॲपमध्ये आणि तिथून ड्राइव्हवर साठू देऊ नयेत. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि बहुतेक बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. आधार घ्यायचंच तर शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क केलेलं मागा आणि नोंदवहीत लिहून झालं की फोटो खोडा.

हे सगळं करायचा काळ ठरलेला आहे: १ जून ते ३१ जुलै, मासेमारी बंद, आंबा संपलेला, पर्यटक कमी. त्यातला एखादा मंगळवार धरून तालीम करा. एका संगणकावर क्लाऊडच्या सगळ्या खात्यांतून बाहेर पडा आणि घड्याळ लावून पाच कामं करा: नवं बीजक काढणं, गेल्या हंगामातल्या एका वाशीच्या अडत्याचा नंबर शोधणं, त्याला आपल्या डोमेनवरून पत्र पाठवणं, मार्च महिन्याची एकूण विक्री सांगणं, एका मजुराचा राहिलेला हिशोब काढणं. जे काम दोन तासांत झालं नाही, त्याची यादी नियमितपणे छापून ठेवायची: अडत्यांचे नंबर महिन्याला, मजुरांचा हिशोब दर शनिवारी, बीजकाचं कोरं पुस्तक एक. ही तालीम घरातल्या दुसऱ्या माणसाकडून करवून घ्या, ज्याने खाती उघडली त्याच्याकडून नको. त्याला सगळं तोंडपाठ असतं.